कूरस की प्लॉक्टन?

स्कॉटलंडमधल्या कूरस आणि प्लॉक्टन या दोन गावांपैकी कुठे जायचं? इतिहासच पाहायचा असेल तर कूरस. (स्पेलिंगमध्ये ‘एल’ आहे, तो उच्चारायचा नाही!) १२१७ चा मठ, सर जॉर्ज ब्रूसचा पिवळाधमक वाडा आणि त्याची फोर्थ खाडीच्या तळाखाली खोदलेली कोळशाची खाण, १६२५ च्या वादळात ती बुडाली. दगडगोट्यांनी बांधलेल्या गल्लीत मधली दगडांची ओळ उंच, ती बड्या लोकांची. बाकीच्यांनी कडेच्या घाणीतून चालायचं. रेल्वे मात्र नाही, डनफर्मलिनहून बस धरायची.

प्लॉक्टन एकोणिसाव्या शतकात हेरिंगच्या मासेमारीवर वाढलं, म्हणजे तसं कालचंच. पण मुक्कामाला मी तेच निवडेन: स्वतःचं रेल्वे स्टेशन, हायस्कूल, पाण्याकाठी हॉटेलं, आणि एवढ्या उत्तरेला चक्क ताडासारखी झाडं! ती मूळची न्यूझीलंडची.