300 जीएसएम कॉटन कागद: गोव्याच्या पावसात सहा महिने वापरल्यानंतर

मे अखेरीस जलरंगांसाठी 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा), शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खडबडीत पृष्ठाचा कागद घेतला. पूर्ण ताव 22 बाय 30 इंचांचा, त्याचे चार तुकडे करून वापरते. आधी लाकडाच्या लगद्याचा कागद होता. चित्र बिघडलं की मी हाताला दोष द्यायचे. निम्मा दोष कागदाचा होता, हे आता कळलं.

फोंड्याहून बाणस्तारीमार्गे जुने गोवे, तिथून फेरीबोटीने दिवाडी बेट. बहुतेक चित्रं तिथल्या खाजन शेतांच्या (खारं पाणी बांधाने अडवून राखलेल्या शेतांच्या) बांधावर, मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या फळ्यांच्या दाराजवळ बसून केली. जुलैत एकदा पाऊस थांबता थांबता पोचले. आभाळ अगदी खाली आलेलं. कागद दोनदा भिजवला, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून करडा केला आणि वरून सोडला. जुन्या कागदावर पाणी कुठे सुकायचं, कुठे साचायचं, कडेने दातेरी डाग उठायचे. इथे कापसाने पाणी धरून ठेवलं. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसले आणि ढगाला वजन आलं. वीस मिनिटं झाली तरी बोटाची पाठ टेकवली की गार लागे, म्हणजे आत ओल होतीच. शेवटी माड तशाच ओलीत काढले. त्यांच्या कडा विरल्या, आणि पावसाळ्यात पलीकडचे माड दिसतातही तसेच. ते चित्र मला फार प्रिय आहे.

चूक दुरुस्त करू देतो, हाही मोठा गुण. मानशीच्या फळ्यांवरचा उजेड सुकलेल्या रंगातून ओल्या ब्रशने काढता आला. थॅलो निळा मात्र निघत नाही, तो कागदात मुरतो.

आता तक्रार. ऑगस्टमध्ये कापडी पिशवीत ठेवलेल्या चार तुकड्यांवर वॉश (पातळ रंगाचा सलग थर) देताच गडद ठिपके उमटले. या कागदाला जिलेटिनची खळ असते. दमट हवेत तिला बुरशी लागते, मग रंग तिथे टिपकागदासारखा शोषला जातो. विकणाऱ्याने हे एका शब्दाने सांगितलं नव्हतं. आपण पापड जपतो तसाच हा कागद जपायला हवा. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या. निघण्याआधी कोपऱ्यावर साध्या पाण्याचा थेंब टाकते. लगेच गडद होऊन मुरला तर तो तुकडा पेन्सिलसाठी. रंगाच्या वड्यांवरही बुरशी आली होती. तेव्हापासून डबी पंख्याखाली उघडी ठेवून, वड्या सुकल्यावरच बंद करते.

ऑक्टोबरच्या उन्हात उलटी गत. वॉश खाली पोचेपर्यंत वरचा भाग सुकलेला असतो. सकाळी नऊच्या आत आवरावं, तुकडाही अर्धाच घ्यावा.

किंमत साध्या कागदापेक्षा बरीच जास्त आहे. शिकणाऱ्याने एकच ताव घेऊन चौघांत वाटून पाहावा. मी पुढचे दोन मागवलेत, पण पावसाआधी साठा करणार नाही. मे सरेपर्यंत ते संपवायचे आहेत.