मास्टर्सच्या गुणांनंतर मेडिकल प्रवेशाची शक्यता : एका सशुल्क मूल्यमापन सेवेचा अनुभव

गेल्या मे महिन्यात माझ्या मुलीचा शरीरक्रियाशास्त्राचा एक वर्षाचा मास्टर्स अभ्यासक्रम ३.८२ जीपीएने (चारपैकी सरासरी गुण) पूर्ण झाला आणि त्याच आठवड्यात आम्ही अमेरिकेतल्या मेडिकल स्कूलच्या प्रवेशाबाबत सल्ला देणाऱ्या एका खाजगी कंपनीकडून तिच्या शक्यतेचे मूल्यमापन करून घेतले. लेखी अहवाल आणि त्यानंतर अर्ध्या तासाचा व्हिडिओ कॉल, असे त्या सेवेचे स्वरूप होते आणि त्यासाठी आम्ही ३८० डॉलर भरले. पदवीच्या वर्षांत गुण घसरलेले आहेत, पुढे मास्टर्समध्ये ते चांगले सुधारले आहेत आणि आता अर्ज करावा की नाही हे ठरत नाही, अशा स्थितीतली बरीच मुले आणि त्यांचे पालक हाच रस्ता धरतात, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

मुलीची स्थिती आधी सांगायला हवी, कारण अहवालाचा कस तिच्यावरूनच लागतो. पदवीला १२४ क्रेडिट (विषयांचे भारांक) आणि ३.०६ जीपीए. दुसऱ्या वर्षी तिने ऑरगॅनिक केमिस्ट्री आणि फिजिक्स एकाच सेमिस्टरला घेतले, शिवाय आठवड्याला वीस तास काम केले आणि दोन्ही विषयांत सी ग्रेड आला. शेवटच्या वर्षी गाडी रुळावर आली, पण सरासरी वर काढायला एक वर्ष पुरले नाही. एमकॅट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत ५१२ मिळाले. मास्टर्सची ३६ क्रेडिट होती आणि त्यांतले जवळजवळ निम्मे विषय तिने मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर, त्यांच्याच वर्गात बसून, त्यांच्याच प्रश्नपत्रिका सोडवून पूर्ण केले.

अहवाल कामाच्या सात दिवसांत मिळेल असे सांगितले होते, तो कामाच्या अकराव्या दिवशी आला. एरवी चार दिवसांचे काही वाटले नसते, पण ॲमकासचा, म्हणजे एम.डी.च्या बहुतेक मेडिकल स्कूलसाठी असलेला सामाईक अर्ज मेच्या अखेरीपासून भरून देता येतो (अमेरिकेत एम.डी. ही डॉक्टर होण्याची मूळ पदवी), ऐन हंगामात गुणपत्रिकांची पडताळणी व्हायला सहा आठवडेही लागू शकतात आणि बहुतेक मेडिकल स्कूल आलेल्या क्रमाने अर्ज वाचत जागा भरत जातात. त्यामुळे जूनचा प्रत्येक दिवस मोलाचा असतो आणि ही सेवा विकणाऱ्यांना ते आमच्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

अहवाल चौदा पानांचा, छपाईला देखणा. चौथ्या पानावर मोटारीच्या वेगमापकासारखी एक तबकडी होती, तिचा काटा हिरव्या भागात आणि खाली लिहिलेले : ‘एकत्रित जीपीए ३.२३, प्रवेशाची शक्यता चांगली’. ते पान पाहून मला झालेला आनंद खोटा कशाला सांगू? मुलीने मात्र त्या पानावर बोट ठेवून शांतपणे सांगितले, “आई, हे दोन्ही आकडे त्यांनी एकत्र केलेत. ॲमकास असं करत नाही.” मग तिने अहवालाच्याच मागच्या कोऱ्या पानावर हिशेब मांडला. १२४ क्रेडिटना ३.०६ ने गुणायचे, ३६ क्रेडिटना ३.८२ ने गुणायचे, बेरीज करून १६० ने भागायचे, की उत्तर ३.२३ येते. गणित बिनचूक होते, पण एम.डी. देणाऱ्या शाळांच्या अर्जात हा आकडा कुठेच दिसत नाही.

ॲमकास पदवीचे गुण आणि मास्टर्सचे गुण वेगवेगळे मोजते. अर्ज तपासून झाल्यावर जो तक्ता तयार होतो, त्यात पदवीची चारही वर्षे एकाखाली एक येतात, मग पदवीनंतर घेतलेले पदवी-पातळीचे विषय, मग या सगळ्यांची एकत्रित सरासरी आणि सर्वांत शेवटी, स्वतंत्र ओळीत, मास्टर्सचा जीपीए. प्रत्येक ओळीला जीवशास्त्र-रसायन-भौतिक-गणित यांचा एक रकाना, इतर विषयांचा दुसरा आणि एकूण असा तिसरा. मास्टर्सचे ३.८२ त्या शेवटच्या ओळीत राहते, ३.०६ ला ते एका शतांशानेही हलवत नाही. गंमत अशी, की हीच ३६ क्रेडिट तिने पदवीनंतरचे पदवी-पातळीचे विषय म्हणून घेतली असती आणि हेच गुण मिळवले असते, तर पदवीची एकत्रित सरासरी खरोखरच ३.२३ झाली असती. मास्टर्सला प्रवेश घेण्याआधीच हा फरक ठाऊक असायला हवा. दोन वाटांपैकी एक जुना आकडा सावकाश वर उचलते, दुसरी जुना आकडा तसाच ठेवून त्याच्याशेजारी नवा पुरावा मांडते आणि कोणती वाट कोणाला सोयीची हे जुना आकडा किती खाली आहे यावर ठरते.

ही चूक लहान नव्हती, कारण अहवालातली शक्यता याच आकड्यावर बेतलेली होती. असोसिएशन ऑफ अमेरिकन मेडिकल कॉलेजेस (एएएमसी) ही मेडिकल स्कूलची संघटना दरवर्षी ए-२३ या क्रमांकाचा तक्ता प्रसिद्ध करते. त्यात जीपीएचे आणि एमकॅटचे गट पाडून प्रत्येक चौकटीतल्या किती अर्जदारांना किमान एका शाळेत प्रवेश मिळाला, ते दिलेले असते. तो तक्ता कोणालाही फुकट पाहता येतो. त्यात ३.२० ते ३.३९ ही एक ओळ आहे आणि ३.०० ते ३.१९ ही तिच्या खालची. एकत्रित आकडा धरल्यामुळे अहवालाने मुलीला वरच्या ओळीत बसवले होते, प्रत्यक्षात ती खालच्या ओळीत होती. २०२३-२४ साली एम.डी.ला प्रवेश घेतलेल्यांची सरासरी जीपीए ३.७७ आणि एमकॅट ५११.७ होती, हे लक्षात घेतले की एका ओळीच्या फरकाचे वजन कळते. त्या वर्षी अर्जदार साडेबावन्न हजारांवर होते आणि जागा मिळालेले तेवीस हजारांच्या आसपास.

अर्थात ती खालची ओळसुद्धा मुलीची खरी शक्यता सांगत नाही आणि माझी मोठी तक्रार इथे आहे. ३.०६ च्या चौकटीत चार वर्षे सारखेच ३.०६ मिळवणारा असतो, पहिल्या वर्षी चार मिळवून पुढे घसरत गेलेला असतो आणि दुसऱ्या वर्षी कोसळून पुन्हा उभा राहिलेला, नंतर मेडिकलच्या मुलांबरोबर परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेलाही असतो. तक्त्याला हे तिघे सारखे. प्रवेश समितीला ते सारखे नसतात, कारण तिच्या पुढ्यात गुणपत्रिका असते. मग पैसे घेऊन एकट्या विद्यार्थ्यासाठी लिहिलेल्या अहवालाने जे करायचे, ते नेमके हेच : गुणपत्रिका सेमिस्टरवार वाचायची. चौदा पानांत दुसऱ्या वर्षाच्या त्या दोन सींचा उल्लेख एकदाही नव्हता. मास्टर्सबद्दल एकच वाक्य होते, की ‘पदव्युत्तर गुण उत्कृष्ट आहेत’.

पदव्युत्तर गुणांची गोष्ट इतकी सरळ नाही. बऱ्याच मास्टर्स अभ्यासक्रमांत बीच्या खालचा ग्रेड नापास झाल्यासारखाच मानला जातो, त्यामुळे तिथे साडेतीनच्या वरचा जीपीए ही नवलाची बाब राहत नाही आणि समित्यांना हे पक्के ठाऊक असते. प्रयोगशाळेत संशोधन करून घेतलेल्या मास्टर्सने चिकाटी दिसते, पण मेडिकलच्या पहिल्या वर्षाचा अभ्यास झेपेल का, या प्रश्नाला त्यातून उत्तर मिळत नाही. ते उत्तर देण्यासाठीच ज्यांना स्पेशल मास्टर्स म्हणतात ते अभ्यासक्रम निघाले. जॉर्जटाउन विद्यापीठाचा शरीरक्रियाशास्त्रातला आणि बॉस्टन विद्यापीठाचा मेडिकल सायन्सेसमधला, हे त्यांतले जुने आणि नावाजलेले. अशा ठिकाणचे ए हे मेडिकलच्या विद्यार्थ्यांच्या रांगेत उभे राहून मिळवलेले असतात, म्हणून त्यांना वजन असते आणि तिथले बी-सी त्याच कारणाने घातकही ठरतात, कारण त्यानंतर नव्याने सिद्ध करून दाखवायला फारशी जागा उरत नाही. मुलीचा मास्टर्स या प्रकारातला होता आणि आम्ही पाठवलेल्या गुणपत्रिकेत ते विषयांच्या नावांवरून स्पष्ट दिसत होते. अहवाल लिहिणाऱ्याने ती उघडली असेल असे मला वाटत नाही.

व्हिडिओ कॉलवर आलेला तरुण सल्लागार मनाने चांगला होता, पण त्याच्याकडे उत्तरे नव्हती. एकत्रित आकड्याबद्दल मुलीने विचारल्यावर तो म्हणाला, की काही अर्जांत तसे मोजतात. हे खरे आहे. ऑस्टिओपॅथिक म्हणजे डी.ओ. या डॉक्टर होण्याच्या दुसऱ्या पदवीच्या शाळांसाठी ॲकोमास हा वेगळा अर्ज असतो आणि तिथे पदवी व मास्टर्स मिळून एकूण जीपीए काढला जातो. परंतु अहवालात सुचवलेल्या बावीस शाळांपैकी एकवीस एम.डी.च्या होत्या. म्हणजे मोजमाप एका अर्जाचे आणि सल्ला दुसऱ्या अर्जासाठी. त्याच कॉलवर त्याने आणखी एक जुनी माहिती दिली, की ॲकोमासमध्ये विषय पुन्हा घेतला तर जुना ग्रेड पुसला जातो. ती सवलत २०१७ मध्येच बंद झाली, तेव्हापासून तिथेही सगळे प्रयत्न सरासरीत धरले जातात. एखाद्या मुलाने या भरवशावर वर्ष आणि फी घालवली तर ते कोण भरून देणार, हा विचार त्या रात्री माझ्या मनातून जात नव्हता.

आम्ही लेखी तक्रार केली. पैसे परत मिळाले नाहीत, पण चार दिवसांनी कंपनीने एका ज्येष्ठ सल्लागार बाईंबरोबर एक तास विनामूल्य देऊ केला आणि इथून पुढे मला मनापासून चांगले लिहायचे आहे. त्या पूर्वी एका प्रवेश समितीवर होत्या. त्यांनी तबकडी वगैरे काही दाखवले नाही. मुलीला गुणपत्रिका समोर घ्यायला सांगितली आणि एकेक सेमिस्टर मोठ्याने वाचायला लावले, विषय, क्रेडिट, ग्रेड. दुसऱ्या वर्षाशी आल्यावर त्या थांबल्या आणि विचारले, की त्या वेळी अभ्यास कसा करत होतीस आणि मास्टर्समध्ये कसा केलास, नेमके काय बदललेस ते सांग. मुलीने आधी तेच सांगितले जे सगळे सांगतात, की मी जास्त मेहनत घेतली. त्यांना ते पुरले नाही. दहा-बारा मिनिटे त्या विचारतच राहिल्या, तेव्हा कुठे निघाले, की पूर्वी ती टिपणे पुन्हा पुन्हा वाचायची आणि मास्टर्समध्ये वही मिटून, कोऱ्या कागदावर हृदयाच्या ठोक्याचे दाबाचे आलेख आठवणीने काढायची, चुकले की वही उघडायची. “हे अर्जाच्या निबंधात लिही,” एवढेच त्या म्हणाल्या. चौदा पानांत जे सापडले नव्हते ते तिथे सापडले, कारण समितीचा खरा प्रश्न गुण वाढले का हा नसून ते वाढलेले राहतील का हा असतो.

वेळेबद्दलही त्यांनीच सांगितले. मास्टर्स चालू असतानाच ज्यांनी अर्ज भरलेला असतो, त्यांचे नंतर आलेले ग्रेड ॲमकासच्या हिशेबात येत नाहीत. ते प्रत्येक शाळेला आपणच कळवावे लागतात आणि सगळ्याच शाळा असे पत्र स्वीकारत नाहीत. अभ्यासक्रम संपवून, पूर्ण गुणपत्रिका जोडून अर्ज केला तर मधे एक वर्ष जाते, पण ज्याचा सगळा भर सुधारलेल्या गुणांवर आहे त्याच्यासाठी ते वर्ष वाया जात नाही. मुलीची गुणपत्रिका पूर्ण होती, म्हणून त्याच जूनमध्ये अर्ज करायचे ठरले.

शाळांची यादी मात्र आम्ही त्यांच्या सूचनेवरून स्वतः केली आणि त्यासाठी वापरलेल्या एमएसएआर या एएएमसीच्या सशुल्क माहितीकोशाबद्दल चार शब्द लिहिणे योग्य ठरेल. वर्षभराची वर्गणी त्या अहवालाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. प्रत्येक शाळेत निवडल्या गेलेल्यांचा जीपीए आणि एमकॅट केवळ मध्यावर नव्हे, तर खालच्या दहा टक्क्यांच्या सीमेपासून वरच्या दहा टक्क्यांच्या सीमेपर्यंत दाखवलेला असतो. कमी जीपीए असणाऱ्याने मधला आकडा पाहून खचू नये, खालची सीमा पाहावी. जिथे ती सीमा ३.०६ च्या बरीच वर होती त्या शाळा मुलीने यादीतून काढल्या. शिवाय आपल्या राज्यातले किती आणि बाहेरचे किती मुलाखतीला बोलावले, हेही तिथे कळते. अहवालाने सुचवलेल्या बावीसांपैकी सहा सरकारी शाळा बाहेरच्या राज्यांतले अगदी मोजके विद्यार्थी घेणाऱ्या निघाल्या. अर्जासाठी पहिल्या शाळेला पावणेदोनशे डॉलरच्या आसपास, पुढच्या प्रत्येकीला चाळीसच्या वर आणि नंतर बहुतेक शाळांचे दुसऱ्या फेरीचे शुल्क वेगळे, असा खर्च असताना त्या सहा शाळांचा सल्ला महागात पडला असता. अंतिम यादीत चौदा एम.डी. आणि सात डी.ओ. शाळा राहिल्या.

या कंपनीकडे जायचेच असेल तर लेखी अहवाल घेऊ नये, सरळ ज्येष्ठ सल्लागारांचा एक तास मागावा. त्याचा एरवीचा दर २५० डॉलर आहे, म्हणजे अहवालापेक्षा कमीच. मात्र वेळ ठरवताना त्या व्यक्तीने स्वतः प्रवेश समितीवर काम केले आहे का हे लेखी विचारून घ्यावे, सगळ्या गुणपत्रिका दोन दिवस आधी पाठवाव्यात आणि मास्टर्समधले कोणते विषय मेडिकलच्या विद्यार्थ्यांबरोबर घेतले त्यांच्यापुढे खूण करून ठेवावी. आम्ही ती खूण पहिल्यांदा केली नव्हती, दुसऱ्यांदा केली, आणि त्या बाईंनी कॉलच्या सुरुवातीला सर्वांत आधी त्याच ओळी वाचायला घेतल्या.