वयात येण्याबद्दल मुलांना कोण सांगणार: घर, शाळा की डॉक्टर?

शाळा सुरू झाल्या की आपल्या सोलापुरात जुळे सोलापूर काय नि पूर्व भाग काय, आयांमध्ये एक प्रश्न फिरतोच: पाळीचं घरी सांगायचं, की शाळेत डॉक्टरबाई येणार आहेत त्यांच्यावर सोडायचं? मुलग्यांबद्दल कुणी विचारत नाही. ‘पोरं आपोआप शिकतात.’ शिकतातच. एसटी स्टँडच्या आसपास ‘गुप्तरोगा’च्या जाहिराती कमी नसतात, आणि मोबाईल तर हातातच असतो.

पर्याय तोलण्याआधी वय बघा. मुलींमध्ये बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, मुलग्यांमध्ये ९ ते १४. मुलीला आधी छातीत दुखरी गाठ लागते, आणि तिथून पाळी यायला बहुतेक वेळा दोन-अडीच वर्षं जातात. म्हणजे चौथी-पाचवीतली पोर आंघोळ करताना गाठ चाचपून घाबरलेली असते, आणि शाळेतलं व्याख्यान बऱ्याच ठिकाणी सातवी-आठवीत होतं. शाळेचा पर्याय इथेच अर्धा लंगडा पडतो.

तरीही शाळेला एक गोष्ट जमते, ती घराला कधीच जमणार नाही. चाळीस जणी एकदम ऐकतात, त्यामुळे ‘हे माझ्या एकटीलाच होतंय’ ही भीती तिथल्या तिथे जाते. प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकायला डबा ठेवला तर आईला जन्मात विचारले नसते असे प्रश्न बाहेर येतात. पण अनेक कार्यक्रम म्हणजे गर्भाशयाचा तक्ता, अर्धा तास भाषण आणि शेवटी पॅडचं फुकट पाकीट. मुलगे तेवढा वेळ मैदानावर. महाराष्ट्रात २००७ साली शाळांतलं लैंगिक शिक्षण गदारोळानंतर थांबवलं गेलं होतं, त्यामुळे शिक्षक आजही शब्द जपून वापरतात. शाळा सरकारी किंवा अनुदानित असेल तर एक विचारून बघा: २०२० च्या शालेय आरोग्य कार्यक्रमाप्रमाणे प्रत्येक शाळेत दोन शिक्षकांना आरोग्याच्या विषयांचं प्रशिक्षण द्यायचं आहे. ते दोघे कोण? आणि मुलग्यांचा तास कधी?

घराचा फायदा साधा आहे. एकदाच सगळं उरकायचं नसतं. आज छातीचं, दोन महिन्यांनी केसांचं आणि घामाचं, मग पाळीचं. भाषणापेक्षा हातात वस्तू द्यावी. पॅड उघडून चड्डीला चिकटवून दाखवायचं, ते चार ते सहा तासांनी बदलायचं, कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं, संडासात नाही. वाटीत दोन-तीन मोठे चमचे पाणी घेऊन दाखवायचं की पूर्ण पाळीत साधारण एवढंच रक्त जातं. पोरींना वाटतं बादलीभर जाणार. कापडी पॅड वापरणार असाल तर आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, हेही धरून चला; ते नीट धुऊन कडक उन्हात वाळायलाच हवेत. ऊन मात्र सोलापुरात मागावं लागत नाही.

घराचा तोटाही घरचाच. सांगतासांगता ‘चार दिवस बाजूला बसायचं, लोणच्याला हात लावायचा नाही’ हेही पोरीच्या पदरात पडतं. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत पहिल्या पाळीचा समारंभ होतो, साडी नेसवतात, पाहुणे येतात. कौतुक मोठं असतं, पण रक्त का येतं हे त्या गर्दीत तिला कुणी सांगितलेलं असेलच असं नाही. समारंभ करा, फक्त ते आधी सांगा.

मुलग्यांच्या बाबतीत मी घराच्याच बाजूने आहे, आणि तेही वडिलांच्या. वडील लाजत असतील तर मामा. आधी अंडकोश वाढतात, मग उंची, आवाज फुटणं, मिसरूड. झोपेत वीर्य बाहेर आलं तर तो आजार नाही आणि त्याने अशक्तपणा येत नाही, हे वाक्य बापाच्या तोंडून एकदा ऐकलं की ‘धात जाते’ म्हणून पैसे उकळणाऱ्याकडे तो जाणार नाही. बऱ्याच मुलग्यांच्या छातीतही गाठ येते. ती बहुधा सहा महिने ते दोन वर्षांत विरते. तोवर पोरगा घामाघूम झाला तरी शर्ट काढत नाही.

पुस्तकं नि व्हिडिओ जोडीला ठीक. आधी स्वतः बघा.

डॉक्टर हा पहिला पर्याय नव्हे, पण काही वेळा तोच एक. मुलीत ८ च्या आधी किंवा मुलग्यात ९ च्या आधी बदल दिसले. मुलीला १३ पर्यंत छाती आली नाही, मुलग्यात १४ पर्यंत काहीच हालचाल नाही. १५ पूर्ण होऊनही पाळी नाही. रक्तस्राव ७ दिवसांपेक्षा जास्त किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजतंय, तर थांबू नका. पहिली दोन वर्षं पाळी पुढे-मागे झाली तर मात्र धावपळ नको. खासगीत जायचं नसेल तर सिव्हिलमध्ये किशोरवयीनांच्या ‘मैत्री’ क्लिनिकची चौकशी करा. ती ज्यात चालतात तो सरकारचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयासाठी आहे. मूल एकटं डॉक्टरांशी बोलू शकेल एवढा वेळ तुम्ही बाहेर बाकावर बसा.

तेव्हा मुलगी चौथी-पाचवीत असेल तर शाळेची वाट बघू नका, घरीच सुरुवात करा. व्याख्यान झाल्यावर ‘काय सांगितलं?’ एवढंच विचारा. ती सातवीत असेल आणि घरी अजून काहीच बोलणं नसेल, तर उलट करा: आधी व्याख्यान होऊ द्या, त्याच संध्याकाळी तिथून विषय उचला. घरात आई नसेल तर आत्या किंवा मावशीला आधीच सांगून ठेवा, पण पॅड कुठे ठेवलेत हे बाबांनाही माहीत असू द्या.