धक्के देणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: ऑईल बदलावं, व्हॉल्व्ह बॉडी करावी की बॉक्स खोलावा?

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या गर्दीत ऑटोमॅटिक गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना धक्का देते, किंवा आरपीएम वर पळतात आणि गाडी मात्र रेंगाळते. गॅरेजमध्ये तीनपैकी एक उत्तर मिळतं: ऑईल बदलू, व्हॉल्व्ह बॉडी (ऑईलचं प्रेशर क्लचकडे वळवणारा भाग) काढू, नाहीतर बॉक्स खोलावा लागेल. तिन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि निवड चुकली तर पैसे दोनदा जातात. ही तुलना मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाची ताकद ऑईलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या गाड्यांसाठी आहे.

आधी गिअरबॉक्सच्या बाहेरचं बघून घ्या. बॅटरी उतरलेली असेल तर सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या ऑईलच्या व्हॉल्व्हला) नीट व्होल्टेज मिळत नाही. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.४ व्होल्टच्या खाली दिसलं तर तिथूनच सुरुवात करा. बॉनेट उघडं ठेवून, ब्रेक घट्ट दाबून कोणाला तरी आर आणि डी लावायला सांगा. त्या वेळी समोर उभं राहू नका, बाजूने बघा. इंजिन एकदम उचललं जात असेल तर इंजिनाचं माउंटिंग (रबरी आधार) फाटलंय. मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याचा झटकाही गिअरच्या झटक्यासारखाच वाटतो. मग स्कॅनर लावा. पी ०७०० एवढाच कोड दाखवून कोणी बॉक्स खोला म्हणत असेल तर थांबा. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरमध्ये दोष नोंदला गेलाय, इतकंच तो सांगतो. खरा कोड त्या कंट्रोलरमध्येच वाचावा लागतो.

ऑईल बदलणं सर्वांत स्वस्त, पण ते कधी लागू पडतं? बाह्यवळणावर सूस-बाणेरच्या बाजूला, मागे गाडी नसताना, ६० ते ८० च्या वेगात हलक्या ॲक्सिलरेटरवर चाला. रम्बलर पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर ब्रेक लाइट लागण्यापुरतं पेडल दाबा. थरथर तिथेच थांबली तर संशय कन्व्हर्टरला इंजिनाशी थेट जोडणाऱ्या लॉकअप क्लचवर जातो, आणि त्यावर ताज्या ऑईलने बऱ्याचदा उतार पडतो. (नवले पुलाच्या उतारावर ही चाचणी अजिबात करू नका.)

ऑईल काढताना स्वतः उभे राहा. पांढऱ्या टिश्यूवर एक थेंब टाका. लालसर किंवा तपकिरी डाग पसरत गेला तर ठीक. मध्ये काळा गोळा राहिला आणि जळका वास आला तर क्लच प्लेट जळताहेत. चेंबर (बॉक्सखालचं ऑईलचं भांडं) उतरवता येत असेल तर आतलं लोहचुंबक बघा. त्यावर काजळासारखी राखाडी पेस्ट असणारच. बोटाला टोचणारे कण असतील तर ऑईलचा खर्च वाया जाईल. ऑईल गुलाबी दुधासारखं दिसलं तर पाणी किंवा कूलंट आत गेलंय. पावसात तुंबलेल्या पाण्यातून काढलेल्या गाडीत हे होऊ शकतं. पाण्याने क्लच प्लेटवरचं कागदी अस्तर सुटतं, म्हणून अशा गाडीत नुसतं ऑईल बदलून भागत नाही.

साधारण ७ लिटरच्या बॉक्समधून प्लग काढल्यावर निम्मंच ऑईल निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. एकदा बदललं की निम्मं नवं, दोनदा केलं की पाऊण, तीनदा केलं की जवळपास ८७ टक्के. मधे थोडं थोडं चालवून हे तीन टप्प्यांत करणं, जुन्या बॉक्सला मशीनने जोरात फ्लश मारण्यापेक्षा आम्हाला बरं वाटतं. लेव्हल मात्र तापमान बघूनच: ह्युंदाईच्या ६ स्पीडला ऑईल ५० ते ६० अंशांवर, इंजिन चालू, गाडी सपाट, आणि चेक प्लगमधून बारीक धार. थंड ऑईलवर लेव्हल धरली तर गरम झाल्यावर ती चुकते. नंतर स्कॅनरने अडॅप्टेशन (कंट्रोलरने गिअर बदलण्याबद्दल शिकून ठेवलेल्या सवयी) रीसेट करून घ्या.

व्हॉल्व्ह बॉडीकडे कधी वळायचं? थंड असताना गाडी ठीक, गरम झाल्यावर एकाच ठरावीक बदलाला धक्का, आणि ऑईल स्वच्छ. आयसिन या कंपनीच्या बऱ्याच बॉक्समध्ये प्रेशर कमी-जास्त करणारा लिनिअर सोलेनॉइड ५ ओमच्या आसपास, ऑन-ऑफ सोलेनॉइड ११ ते १६ ओम दाखवतो. पण ओम बरोबर आले म्हणजे सोलेनॉइड चांगला असं नाही. कॉइल शाबूत असूनही आतला व्हॉल्व्ह गरम ऑईलमध्ये अडकतो. म्हणून प्रेशर मोजायला सांगा. व्हॉल्व्ह बॉडीच्या कामाला बहुतेक गाड्यांत बॉक्स खाली उतरवावा लागत नाही, हा मोठा फायदा.

बॉक्स खोलायचाच, याची एक पक्की खूण आहे. बऱ्याच ६ स्पीड बॉक्समध्ये तिसरा, पाचवा आणि रिव्हर्स एकाच क्लचवर चालतात. प्रेशर बरोबर असूनही हे तिन्ही घसरत असतील तर तो क्लच किंवा त्याच्या पिस्टनचं सील गेलंय. एस्टिमेटमध्ये क्लच प्लेट, सील, बुश, फिल्टर वेगवेगळे लिहून घ्या. कन्व्हर्टर आणि कूलरचा उल्लेख नसेल तर काम देऊ नका, कारण जुना चुरा तिथेच बसलेला असतो आणि नव्या प्लेटमध्ये परत येतो. नाना पेठेतून किंवा भंगारातून जुना बॉक्स घेणं स्वस्त वाटतं, पण बॉक्सचा कोड जुळला आणि चेंबर उघडून दाखवला तरच विचार करा.

एएमटीला (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्राने हलवणारा) हे काही लागू नाही. तिथे साधा क्लच, तो हलवणारा ॲक्च्युएटर आणि क्लच बदलल्यावरचं लर्निंग बघायचं. सीव्हीटीत (ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणाऱ्या बॉक्समध्ये) कंपनीने सांगितलेलं सीव्हीटी ऑईलच हवं, साधं एटीएफ (नेहमीचं ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) घातलं तर पट्टा घसरतो. ड्राय क्लच डीसीटीत (दोन कोरड्या क्लचच्या बॉक्समध्ये) हिंजवडीच्या रांगेत सरकत राहिल्याने क्लच तापून थरथरतो, तिथे क्लच आणि मेकाट्रॉनिक (गिअर हलवणारं कंट्रोल युनिट) वेगवेगळे तपासून घ्या.

गाडी ताब्यात घेताना अर्धा तास चालवा, कात्रजचा चढ धरा, गरम बॉक्सवर आर-डी लावून बघा, आणि दोनेकशे किलोमीटरनंतर गळती आणि लेव्हल पुन्हा तपासून घ्या.