नासाचं 'जीईएस डिस्क': मुंबईपुरता पाऊस कापून घ्यायची सोय

'आयमर्ग' या उपग्रहीय पावसाच्या अर्ध्या तासाच्या फाइली जून ते सप्टेंबर मिळून ५,८५६ भरतात. प्रत्येकीत अख्ख्या पृथ्वीचे ६४.८ लाख चौकोन, त्यात मुंबईचे जेमतेम वीस. नासाच्या 'जीईएस डिस्क' या डेटा-संग्रहाच्या संकेतस्थळावरची सबसेटची, म्हणजे हवा तेवढाच भाग कापून घ्यायची, सोय इथे कामाला येते. जग तिकडेच राहू द्यायचं, आपले वीस चौकोन उतरवायचे. खातं मोफत, डेटाही मोफत.

हव्या भागाची चौकट अंशांत, पश्चिम, दक्षिण, पूर्व, उत्तर या क्रमाने भरा: ७२.७, १८.८, ७३.१, १९.३. व्हेरिएबल फक्त 'प्रेसिपिटेशन' (पाऊस), फॉरमॅट नेटसीडीएफ (हवामानाच्या डेटाचा नेहमीचा फाइल-प्रकार). मिळालेली लिंकांची यादी वीगेट या डाउनलोड करणाऱ्या प्रोग्रॅमला द्या. नासाच्या 'अर्थडेटा' खात्यात जीईएस डिस्कला परवानगी दिलेली नसेल किंवा लॉगिनचा तपशील ठेवणाऱ्या नेटआरसी फाइलमध्ये पासवर्ड चुकला असेल, तर डाउनलोड अडतं. कधी तर नेटसीडीएफच्या नावाने लॉगिनचं वेबपान उतरतं. फाइल उघडेना, तर आधी ती टेक्स्ट एडिटरमध्ये पाहा.

खरी फसगत पुढेच आहे. आकडे मिमी प्रति तास असतात, म्हणून अर्ध्या तासाच्या पावसासाठी ते निम्मे करायचे. अक्षांशाच्या आधी रेखांश येतो, त्यामुळे नकाशा आडवा पडतो (मुंबईसारख्या उभ्या शहराचा तर लगेच कळतो). दैनिक फाइल सोपी वाटते, पण तिचा दिवस यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा), म्हणजे आपल्या पहाटे ५.३० ला सुरू होणारा. हवामान खात्याचा दिवस सकाळी ८.३० ते ८.३०. सांताक्रूझच्या आकड्याशी ताडून बघायचं असेल, तर दैनिक फाइलच्या वाटेला जाऊ नका. ०३ यूटीसीपासून (आपले सकाळचे ८.३०) अर्ध्या तासाच्या ४८ फाइलींची, निम्मे केलेले आकडे घेऊन, बेरीज करा.

आयमर्ग तीन रूपांत मिळतं: 'अर्ली' साधारण चार तासांत येतं, 'लेट' चौदा तासांत, 'फायनल' साडेतीन महिन्यांनी. फायनलमध्ये जमिनीवरच्या पर्जन्यमापकांची मासिक दुरुस्ती असते. अभ्यासासाठी तेच घ्या. जुलैचा हिशेब मग नोव्हेंबरात हाती येतो, त्याला इलाज नाही.

चौकोन सुमारे ११ किमीचा, हे मात्र विसरू नका. २६ जुलै २००५ च्या पावसात २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी, कुलाब्याला फक्त ७३. अशी तफावत दोन-तीन चौकोनांत पुसट होते. शिवाय किनाऱ्यावरचा कमी उंचीच्या ढगांतला पाऊस उपग्रहाला कमीच दिसतो. वॉर्डनिहाय आकडे हवे असतील, तर पालिकेच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी घ्या.