घरगुती मसाल्याचा व्यवसाय: व्हॉट्सॲप, मार्केटप्लेस की स्वतःचे संकेतस्थळ?

कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात उन्हाळा लागला की ओळखीपाळखीच्या घरांना कांदा-लसूण मसाला, पापड आणि कुरड्या करून देणाऱ्या महिला गावोगावी आहेत. मागणी ओळखीबाहेर जाऊ लागली की त्यांच्यापुढे प्रश्न उभा राहतो तो माल ऑनलाइन कुठे मांडावा याचा. पर्याय मुख्यतः तीन आहेत: व्हॉट्सॲप बिझनेस आणि त्याच्या जोडीला गुगलवरील व्यवसायाची नोंद, ॲमेझॉन, फ्लिपकार्ट किंवा मीशोसारखी ऑनलाइन बाजारपेठ म्हणजेच मार्केटप्लेस, आणि स्वतःचे संकेतस्थळ. यांची तुलना बहुधा खर्चाच्या अंगाने केली जाते. मसाल्याच्या बाबतीत ती अपुरी ठरते, कारण चव बसली की तेच गिऱ्हाईक काही महिन्यांनी पुन्हा मागणी नोंदवते. त्यामुळे त्या गिऱ्हाइकाचे नाव आणि नंबर कोणाच्या वहीत राहतो, हा प्रश्न कमिशनच्या टक्केवारीहून मोठा आहे.

काही गोष्टी तिन्ही मार्गांना समान आहेत आणि त्यांत निवडीला वाव नाही. अन्नपदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी आणि तिचा चौदा अंकी क्रमांक पाकिटावर छापला पाहिजे. शिवाय वैधमापन नियमांनुसार निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादनाचा महिना व वर्ष आणि उत्पादकाचे नाव-पत्ता हेही पाकिटावर असावे लागते. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगांची सरकारी नोंद, १ जुलै २०२० पासून सुरू असून ती पूर्णपणे मोफत आहे. सरकारी वाटावे अशा थाटाचे पान दाखवून तिच्यासाठी शुल्क मागणारी खासगी संकेतस्थळे पुष्कळ आहेत, तेथे पैसे भरण्याचे काही कारण नाही.

खरी विभागणी होते ती जीएसटीपाशी. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी करावी लागत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र करपात्र माल राज्याबाहेर पाठवला की ही मर्यादा लागू राहत नाही आणि नोंदणी सक्तीची होते, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. कोल्हापूरहून राज्याच्या दुसऱ्या टोकाला भंडाऱ्याला मसाला पाठवायला नोंदणी लागत नाही, पण चाळीसएक किलोमीटरवरच्या निपाणीला पाठवायला लागते, कारण निपाणी कर्नाटकात आहे. पापड करमुक्त असल्याने केवळ पापड विकणाऱ्याला ही अडचण येत नाही; मसाल्याला ती येते. कंपोझिशन योजना, म्हणजे छोट्या व्यापाऱ्याने उलाढालीवर ठरावीक दराने कर भरण्याची सोय, घेतल्यास हिशेब सोपा होतो, पण त्या योजनेतही राज्याबाहेर विक्री करता येत नाही. त्यामुळे बेंगळुरू, हैदराबाद किंवा इंदूरच्या मराठी घरांतून मागणी येत असेल, तर साधन निवडण्याआधी नियमित जीएसटी नोंदणीचा निर्णय घ्यावा लागतो. मालाला राज्यातच पुरेसे गिऱ्हाईक असेल, तर घाई करण्याचे कारण नाही.

या नियमाचा परिणाम तिन्ही पर्यायांवर सारखा होत नाही. मार्केटप्लेसवर विकायचे तर पूर्वी उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी सक्तीची होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून मर्यादेखालील विक्रेत्याला नोंदणीशिवाय, केवळ जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेऊन, आपल्या राज्यापुरती विक्री करता येते. सवलत चांगली आहे. पण देशभर पसरलेल्या बाजारपेठेत बसून फक्त महाराष्ट्रात माल विकायचा असेल, तर त्या बाजारपेठेचा मुख्य फायदाच उरत नाही.

व्हॉट्सॲप बिझनेसचे बलस्थान असे की मालाची यादी छायाचित्रांसह लावता येते, यूपीआयने पैसे थेट खात्यात येतात आणि गिऱ्हाईक बोलून खात्री करून घेऊ शकते, "तिखट जरा कमी करून द्याल का?" हा प्रश्न मार्केटप्लेसवर विचारायला जागाच नसते. गुगलवरील नोंदही मोफत असून, घरून काम करणाऱ्याला पत्ता लपवून फक्त सेवा देण्याचा परिसर दाखवता येतो. (पाकिटावरचा पत्ता मात्र लपवता येत नाही, तेव्हा या लपवाछपवीवर फार विसंबू नये.) उणीव म्हणजे ब्रॉडकास्ट यादीतून, म्हणजे एकाच वेळी अनेकांना, पाठवलेला संदेश समोरच्याने आपला नंबर साठवला असेल तरच त्याच्यापर्यंत पोहोचतो, म्हणून नंबर साठवण्याची विनंती पाकिटावरच छापलेली बरी. दुसरी उणीव कष्टांची आहे. ऐन हंगामात दिवसभर मिरच्या भाजायच्या आणि रात्री प्रत्येकाला भाव सांगत बसायचे, हे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे काम होते.

मार्केटप्लेसचा लाभ एकच, पण मोठा आहे: पूर्णपणे अनोळखी गिऱ्हाईक. त्याची किंमत काळजीपूर्वक मोजावी. समजा २०० रुपयांच्या पाकिटावर कमिशन, ठरावीक शुल्क आणि वाहतूक मिळून ९० रुपये कापले गेले, तर त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटीचे आणखी १६ रुपये २० पैसे जातात आणि हाती ९३ रुपये ८० पैसे उरतात. नियमित नोंदणी असलेल्या विक्रेत्याला त्या जीएसटीची वजावट मिळते, नोंदणी नसलेल्याला मिळत नाही. मीशोने कमिशन शून्य ठेवले असले, तरी वाहतूक आणि परत आलेल्या मालाचा भार राहतोच, आणि उघडलेले मसाल्याचे पाकीट परत आले तर ते टाकूनच द्यावे लागते. शिवाय शेजारी मोठ्या कारखान्यांची स्वस्त पाकिटे मांडलेली असतात. डंकावर कुटलेल्या आणि यंत्रावर दळलेल्या मसाल्यातला फरक छायाचित्रात दिसत नाही. एवढे करून गिऱ्हाइकाचा नंबर कंपनीकडे राहतो, आपल्याकडे येत नाही.

स्वतःच्या संकेतस्थळावर यादी आपली, भाव आपला आणि नियमही बऱ्याच अंशी आपले असतात. ऑनलाइन पैसे स्वीकारणारी सेवा कार्डावरच्या व्यवहारामागे साधारण दोन टक्के घेते आणि तिची जोडणी मिळण्याआधी परतावा, पाठवणी व गोपनीयता यांविषयीची पाने संकेतस्थळावर असावी लागतात. अडचण दुसरीच आहे: संकेतस्थळ आपोआप गिऱ्हाईक आणत नाही. पहिले शंभर जण व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम किंवा प्रदर्शनातल्या स्टॉलवरूनच यावे लागतात. म्हणून पहिल्याच वर्षी त्यावर मोठी रक्कम घालणे मला पटत नाही.

तरीही दुसऱ्याच्या जागेवर सगळा संसार मांडू नये. टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, तेव्हा गावोगावच्या मंडळींनी जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत हातचा गेला. गुगलने व्यवसाय नोंदीबरोबर मिळणारी मोफत संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद केली. दोन्ही वेळा विक्रेत्याची काही चूक नव्हती.

वाहतुकीचे गणित तिन्ही मार्गांत लागते आणि ते पाकिटाचा आकार ठरवतानाच करावे. कुरिअरचे दर बहुधा अर्ध्या किलोच्या टप्प्याने वाढतात. २५० ग्रॅमची दोन पाकिटे खोक्यासह अर्धा किलो ओलांडतात आणि पुढच्या टप्प्याचा दर लागतो. २०० ग्रॅमची दोन पाकिटे बसतात. कुरड्यांचे दुखणे वेगळे आहे. ३० सेंटिमीटर लांब, तितक्याच रुंद आणि २० सेंटिमीटर उंच खोक्यात जेमतेम किलोभर कुरड्या असल्या, तरी लांबी, रुंदी व उंचीच्या गुणाकाराला ५,००० ने भागण्याच्या प्रचलित रीतीने त्या खोक्याचे वजन ३.६ किलो धरले जाते. मसाला देशभर पाठवता येतो. कुरड्या जवळपासच विकाव्यात.

हे सगळे पाहता, राज्यातच विक्री असणाऱ्या नव्या व्यावसायिकाने व्हॉट्सॲप आणि गुगलवरील नोंदीने सुरुवात करावी, राज्याबाहेरची मागणी जीएसटी नोंदणीचा व्याप सोसण्याइतकी झाली की संकेतस्थळ उभारावे, आणि मार्केटप्लेसवर संपूर्ण यादी न मांडता एखादेच टिकाऊ उत्पादन ठेवावे, असे माझे मत आहे. पितळी दिवे किंवा लाकडी खेळणी यांसारखी वस्तू विकणाऱ्याने मात्र हा क्रम उलटा धरला तरी चालेल, कारण तेथे तेच गिऱ्हाईक पुन्हा येण्याची शक्यता कमी असते आणि नवे शोधणे हेच मुख्य काम असते.

संकेतस्थळ पुढे कधीही होवो, त्याचे डोमेन नाव, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, मात्र पाकिटे छापण्याआधीच घ्यावे; .इन डोमेनचा वार्षिक खर्च हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. ते संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या खात्यावर नव्हे, तर स्वतःच्या ईमेल व मोबाइल क्रमांकावर नोंदवावे, आणि नूतनीकरणाची तारीख गॅसच्या नोंदवहीत लिहितो तशी घरात सगळ्यांना दिसेल अशी लिहून ठेवावी.