ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचा लेडीज स्पेशल ड्रायव्हिंग क्लास: ५ पैकी ३ स्टार

क्लासचं नाव मुद्दाम देत नाहीये कारण माणसं मनाने चांगली आहेत, आणि जे मला खटकलं ते इतर क्लासमध्ये पण चालतं असं मैत्रिणींकडून ऐकलंय.

आधी चांगलं सांगते. ट्रेनर मॅडम आहेत, सकाळची बॅच फक्त लेडीजची, गाडी स्वच्छ, कोणी अंगावर ओरडत नाही, फीमध्ये ५०० रुपये सूट. घरच्यांसोबत गाडी शिकताना ज्यांनी नुसती बोलणी खाल्लीत त्यांना इथे खरंच मोकळं वाटतं. आमच्या बॅचमध्ये पन्नाशीच्या एक काकू होत्या, जनरल बॅच असती तर त्या आल्याच नसत्या, आता त्या मस्त तिसऱ्या गिअरपर्यंत जातात. ह्याला माझे पूर्ण मार्क.

आता खटकलेलं. माझा दीर त्याच क्लासच्या जनरल बॅचला होता, त्याला पहिल्याच आठवड्यात मानपाड्यावरून कापूरबावडीपर्यंत ट्रकांच्या मधून नेलं, चढावर गाडी थांबवून हाफ क्लचवर उचलायला लावली, बंद पडली की परत तूच चालू कर. आणि आम्हाला? हिरानंदानी इस्टेटच्या आतले रिकामे रोड, फार तर उपवनची एक चक्कर. चढ आला की मी दाबायच्या आधीच क्लच माझ्या बुटाखालून खाली जायचा, कारण ड्युअल कंट्रोलमुळे मॅडमचा पाय त्यांच्या बाजूच्या पेडलवर तयारच असायचा. मी म्हटलं मॅडम मला करू द्या ना, तर म्हणे राहू दे गं, घाबरशील. रिव्हर्स पार्किंगचं विचारलं तर "ते मिस्टर करतील", आणि वर सल्ला की तू ऑटोमॅटिकच घे. सगळं इतकं गोड बोलून की रागवायचं तरी कोणावर.

मी मैत्रिणीला म्हटलं हा सेक्सिझम आहे, म्हणजे बाई म्हणून कमी लेखणं, तर ती म्हणाली अगं एवढं जपतात, ह्यात कसला आला सेक्सिझम, बायकांना नावं ठेवली, हाकललं तर तो सेक्सिझम. मला हे अजिबात पटत नाही. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क ह्या मानसशास्त्रज्ञांनी १९९६ मध्येच मांडलंय की सेक्सिझम दोन तऱ्हेचा असतो, एक उघड तिरस्काराचा आणि दुसरा मायेचा, म्हणजे बाई नाजूक, तिला सांभाळायला हवं असं मानणारा. नंतर २००० मध्ये १९ देशांतल्या १५ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास आला, त्यात दिसलं की ज्या देशांत तिरस्कार जास्त तिथे ही माया पण जास्त, दोन्ही हातात हात घालून चालतात. आणि २००७ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी बायकांना नोकरीच्या निवडीसारख्या वातावरणात टेस्ट दिली, तर उघड टोमण्यांपेक्षा गोड बोलून कमी लेखल्यावर त्यांची कामगिरी जास्त घसरली, कारण मनात आपल्याला जमेल का हीच शंका घोळत राहिली. हे वाचल्यावर मला चढावरचा तो बुडणारा क्लच आठवला, कारण अगदी हेच व्हायला लागलं होतं, मला स्वतःलाच वाटायला लागलं की चढ आपल्याला जमणार नाही, आणि तोपर्यंत मी तो एकदा सुद्धा एकटीने चढवला नव्हता!

म्हणजे बायकांसाठी वेगळं काही असूच नये का? असावंच. संविधानाच्या कलम १५(३) मध्ये स्त्रिया आणि मुलांसाठी खास तरतूद करायची मुभाच दिलीये. ठाणे स्टेशनला सकाळी लेडीज डबा नसता तर कितीतरी जणी ऑफिसला पोचल्याच नसत्या. पण लेडीज डबा तुम्हाला सीएसएमटीपर्यंत नेतो, मध्येच कुर्ल्याला उतरवून पुढचं तुमच्याने होणार नाही असं सांगत नाही. लेडीज बॅचला म्हणूनच माझा विरोध नाही, त्या बॅचमधून अर्धा सिलॅबस गायब करण्याला आहे. आणि बायकांना घाट जमत नाही म्हणणाऱ्यांनी साताऱ्याच्या ट्रेन ड्रायव्हर सुरेखा यादव आठवाव्यात, ८ मार्च २०११ ला त्यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन आणली, म्हणजे आख्खा बोरघाट उतरवून, आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूरवरून वंदे भारत पण.

शिवाय हा नियमाचा पण प्रश्न आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे कारच्या ट्रेनिंगमध्ये किमान १० तास प्रत्यक्ष ड्रायव्हिंग लागतं, त्यात बाई-पुरुष असा फरक कुठेच नाही. पाय मॅडमचा आणि तास माझे, हे कसं चालेल?

मी ऑफिसमध्ये जाऊन शांतपणे बोलले. मालक म्हणाले ताई, आम्ही तर तुमच्या सोयीसाठीच करत होतो, आणि मला ते खोटं वाटलं नाही. शेवटच्या काही सेशनला मॅडमने पाय बाजूला ठेवला, माजिवड्याच्या चढावर गाडी दोनदा बंद पडली, मागून हॉर्नचा नुसता गोंधळ, पण तिसऱ्यांदा उचलली. पार्किंग मात्र अजून नीट शिकवलेलं नाही, त्याचा एक स्टार कापला, दुसरा त्या मिस्टरवाल्या उत्तराचा.

जॉइन करणार असाल तर फी भरायच्या आधीच सांगून ठेवा की हायवे, चढ आणि रिव्हर्स पार्किंग हे तिन्ही पाहिजे आणि तेही मॅन्युअलवर. सकाळी ७ ची बॅच घ्या, ८ नंतर घोडबंदरला गाडी हलतच नाही.